तेरचं कापड, भडोचच्या नावा

तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तिची बहीण शोभेल अशी मूर्ती इटलीत, इ.स. 79 मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेईत सापडली. धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. तेरणेचं पाणीसुद्धा मांजरा-गोदावरीतून पूर्वेच्या सागराला मिळतं. तेरचा माल मात्र पश्चिमेला निघायचा.

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ‘तगर’ येतं. ते म्हणजे आपलं तेर, हे अभ्यासक फ्लीट यांनी 1901 साली मांडलं. इथलं जाडंभरडं कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून, धड वाट नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जाई. तेर ते पैठण दहा दिवस, पुढे भडोचपर्यंत वीस.

पण भडोचला पोचलेलं कापड परदेशी जहाजात चढणार कसं? खंबायतचं आखात अरुंद, तळाला वाळूचे दांडे, आणि भरती अशी की तिचा आवाज दुरून येणाऱ्या फौजेसारखा. नवख्या जहाजाची तिथे धडगत नसे. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी ‘त्रप्पग’ आणि ‘कोतिंब’ नावाच्या, भरपूर माणसं असलेल्या लांब नावा घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात. कोतिंबचं नातं काही अभ्यासक गुजरात-कच्छच्या ‘कोटिया’ नावेशी जोडतात. जहाजाला दोर बांधायचा, भरती लागली की वल्ही मारत ओढायचं, ओहोटी लागली की भडोचच्या नदीतल्या खोल डोहात थांबवायचं, पुन्हा भरतीची वाट पाहायची. नदीच्या मुखापासून भडोच सुमारे 300 स्टेडिया, म्हणजे पन्नासेक किलोमीटर. एवढं अंतर असं टप्प्याटप्प्याने कापायचं!

मला या नावांचं मोल फार वाटतं. सागरी शोधांच्या कथांत मोठी जहाजं आणि त्यांचे कप्तान भाव खाऊन जातात. पण 1498 साली वास्को द गामालाही मालिंदीहून वाटाड्या घेऊनच आपला किनारा गाठावा लागला. त्याआधी चौदा शतकं हेच काम कोतिंबवरचे कोळी करत होते, आणि त्यांची नावं कुठेच नोंदलेली नाहीत.

त्यांनी ओढून आणलेल्या जहाजांतून इटलीची दारू, तांबं, कथील, पोवळं, सोन्याचांदीची नाणी उतरायची. रिकाम्या झालेल्या जागेत मग तेरच्या मलमलीचे गठ्ठे चढायचे.