जुन्या मोटारीच्या गिअरपेटींतील तेल

इंजिनाचें तेल बदलण्याची आठवण बहुतेक मोटारधारकांस असते. गिअरपेटींतील तेल मात्र वर्षानुवर्षें विस्मृतींत पडून राहतें. जालना, अंबड किंवा परतूर येथील एखाद्या अंगणांत अजूनहि जुनी अ‍ॅम्बॅसडर अथवा मारुति ८०० उभी दिसते. या दोन्ही गाड्यांची निर्मिति २०१४ सालीं थांबली. प्रीमियर पद्मिनीची तर त्यापूर्वींच थांबली होती. अशा गाडीचा गिअर एकदां झिजला, म्हणजे त्याच्या जोडीचा मिळविणें कठीण होतें.

गिअरचे दांते फिरत असतां त्यांच्यामध्यें तेलाचा पातळ पापुद्रा असतो. तो तुटला कीं पोलाद पोलादावर घासतें. हें तेल इंजिनांतील तेलाप्रमाणें जळत नाहीं. तें कमी झालें, तर कोठें तरी गळती आहे असें समजावें.

तपासणीसाठीं गाडी सपाट जागीं, शक्य तर खड्डा असलेल्या गॅरेजांत, उभी करावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कदापि शिरूं नये. बहुतेक जुन्या गिअरपेट्यांस बाजूला एक व तळाशीं एक अशीं दोन बुचें असतात. बाजूचें बूच काढून बोट आंत घालावें. तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असलें पाहिजे.

तेल बदलतांना एक नियम विसरूं नये : प्रथम बाजूचें बूच उघडावें, मग तळाचें. वरचें गंजून अडकलें आणि खालचें आधींच उघडलें, तर रिकाम्या पेटींत तेल भरावें कोठून? गाडी थोडी चालवून आणली, म्हणजे तेल पातळ होऊन गाळासह बाहेर येतें. बुचास करड्या रंगाचा मऊ लेप लागणें स्वाभाविक आहे. परंतु धातूचे तुकडे दिसले, तर मेकॅनिकला दाखवावें. तेल दुधाळ दिसलें, तर आंत पाणी शिरलें आहे.

नवा वॉशर घालून तळाचें बूच घट्ट बसवावें व बाजूच्या भोकांतून तेल ओघळूं लागेपर्यंत भरावें. तेल गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेलेंच घ्यावें. जेथें जी. एल. ४ सांगितलें आहे, तेथें जी. एल. ५ अधिक चांगलें असेल असें मानूं नये. त्यांतील गंधकयुक्त द्रव्यें आंतील पितळी कड्यांस अपाय करूं शकतात.

काढलेलें तेल मातींत ओतूं नये. ज्या जिल्ह्यांत उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते, तेथें विहिरीचें पाणी नासणें हा मोठाच अपराध होय. तें डब्यांत भरून जुनें तेल घेणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडे द्यावें.