सतरा मूलद्रव्यं, एक ओळ

कुठलं तंत्रज्ञान देशासाठी कळीचं, हे ठरवणाऱ्या बैठका साधारण सारख्याच असतात. लांब टेबल, चहा-बिस्किटं आणि प्रत्येकापुढे एक तक्ता: महत्त्व किती, आयात किती, पर्याय आहे का, आणि आपली तयारी एक ते नऊ या मोजपट्टीवर कुठवर आली. ही मोजपट्टी मूळची नासाची. एक म्हणजे कागदावरचं तत्त्व, नऊ म्हणजे प्रत्यक्ष वापरात उतरलेली वस्तू. क्वांटमवाले क्वांटमला पैकीच्या पैकी गुण देतात, बॅटरीवाले बॅटरीला. आपलं क्षेत्र तितकंसं महत्त्वाचं नाही असं म्हणणारा तज्ज्ञ मला अजून भेटायचा आहे.

अशा गटांसाठी माहिती गोळा करणं हे माझं काम. चुंबकांचा विषय आला तेव्हा मी आधी आयातीचे आकडे काढले. सीमाशुल्काच्या 8505 या शीर्षकाखाली कायमचे चुंबक, विद्युतचुंबक, चुंबकी क्लच आणि ब्रेक सगळे एकत्र नांदतात. चुंबक किती रुपयांचे आले याचा अंदाज येतो, पण त्यांच्या पोटात काय होतं ते कळत नाही. मग भोसरी एमआयडीसीतल्या एका मोटर रिवाइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसलो.

“साहेब, घड्याळ काढून ठेवा. आणि बोटं लांब,” मिस्त्रींनी आधीच बजावलं. समोर इलेक्ट्रिक स्कूटरच्या चाकातली मोटर होती. बोल्ट निघाले, पण तांब्याच्या वेटोळ्यांचा गाभा काही सुटेना, चुंबकांनी धरून ठेवलेला. पुलर लावल्यावर तो इंचाइंचाने बाहेर आला. रिंगच्या आतल्या बाजूला चकचकीत पट्ट्या एकीला एक लागून चिकटवलेल्या होत्या. एकीचा कोपरा उडालेला. निकेलच्या मुलाम्याखाली राखाडी आणि खडूसारखी ठिसूळ. हीटगनने गोंद सैल करून मिस्त्रींनी ती सोडवली.

“ही आपल्याकडे कोण बनवतं?”

“बनवत नाही कुणी. येते.”

ही पट्टी म्हणजे निओडिमियम, लोह आणि बोरॉन. 1980च्या दशकात जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे जॉन क्रोट यांनी हे चुंबक स्वतंत्रपणे शोधले. सागावांच्या पद्धतीत मिश्रधातू वितळवून त्याचे पातळ पापुद्रे काढतात, हायड्रोजनने ते फोडतात आणि काही मायक्रॉनची भुकटी करतात. ही भुकटी हवा लागली की पेट घेते. चुंबकीय क्षेत्रात दाबून तिचे कण एका दिशेला लावायचे, मग हजार अंशांच्या वर निर्वातात भाजायचं. यातलं काहीच गुपित नाही. तरी आज असे नव्वद टक्क्यांहून जास्त चुंबक चीनमध्ये बनतात. जनरल मोटर्सने आपला चुंबकांचा व्यवसाय, मॅग्नेक्वेंच, 1995 मध्ये विकला. खरेदीदारांत चिनी कंपन्या होत्या आणि अमेरिकी सरकारने व्यवहाराला मंजुरीही दिली. मूल्यमापन चुकलं की त्याचं बिल तीस वर्षांनी येतं, ते असं.

आपल्याकडे कच्चा माल नाही असं नाही. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट आहे. त्यात थोरियम असल्याने ते अणुऊर्जा कायद्याखाली येतं आणि 1950 पासून सरकारी आयआरईएल त्या वाळूचं काम बघते. त्यात सेरियम, लँथॅनम भरपूर, निओडिमियमही बऱ्यापैकी. पण डिस्प्रोसियम आणि टर्बियम नावापुरतं.

आणि घोडं नेमकं तिथेच अडलं. 4 एप्रिल 2025ला चीनने दुर्मिळ मृदांपैकी सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. सातांत निओडिमियम नव्हतं. डिस्प्रोसियम आणि टर्बियम होतं. मोटर तापते, तापली की साध्या निओडिमियम चुंबकाचा जोर ओसरू लागतो आणि तो टिकवायला थोडंसं डिस्प्रोसियम घालावं लागतं. पट्टीतला हा एवढासा वाटा परवान्यात अडकला आणि त्या उन्हाळ्यात आपल्या वाहन कंपन्यांची धावपळ उडाली. काहींनी फेराइटच्या मोटरचा रस्ता धरला.

आता 2023ची आपली महत्त्वाच्या 30 खनिजांची यादी काढून बघा. लिथियमला ओळ, कोबाल्टला ओळ, कथिलालाही ओळ. दुर्मिळ मृदांच्या सतरा मूलद्रव्यांच्या कुळाला मिळून मात्र एकच! आपल्याकडे उदंड असलेलं सेरियम आणि जवळजवळ नसलेलं डिस्प्रोसियम एकाच रकान्यात. अशा ओळीला ‘अतिमहत्त्वाचं’ असा शेरा मारून कुणाला काय कळणार?

दुसरी गोची त्या नऊ पायऱ्यांची. विशाखापट्टणमला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आवारात चुंबकांचा कारखाना उभा राहिला, मे 2023 मध्ये त्याचं लोकार्पणही झालं. तिथे समेरियम-कोबाल्टचे चुंबक बनतात, क्षमता वर्षाला 3,000 किलो. संशोधक कौतुकाला पात्र आहेतच. पण नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने चुंबकांसाठी 7,280 कोटींची जी योजना मंजूर केली, तिचं लक्ष्य वर्षाला 6,000 टन आहे. चुंबकाची जात वेगळी हे मान्य, तरी पट दोन हजारांची. तीन टन जमलं म्हणजे सहा हजार टन जमलं असं होत नाही, आणि मोजपट्टीवर टनांचा रकानाच नाही.

त्यामुळे पुढची यादी करणाऱ्यांकडे माझं मागणं सोपं आहे. दुर्मिळ मृदांच्या त्या एका ओळीच्या सतरा ओळी करा, प्रत्येकीपुढे आपल्याकडे वर्षाला किती टन निघतं आणि किती लागतं ते लिहा, आणि हा तक्ता दर वर्षी जाहीर करा. डिस्प्रोसियमच्या ओळीपासून सुरुवात केलीत तरी चालेल.