घरंगळलेल्या चेंडूलाही वाट देणारं मैदान

मागच्या थंडीतली एक रविवारची सकाळ. गोल्फ नुकताच शिकायला लागलेल्या मैत्रिणीला घेऊन मी एका नावाजलेल्या मैदानाच्या पहिल्या टीवर उभी होते. तीन महिने तिनं ड्रायव्हिंग रेंजवर मनापासून सराव केला होता आणि तिथं तिचा चेंडू शंभर यार्ड सरळ जायचा. इथं मात्र समोर आडवं पसरलेलं तळं होतं आणि पाठीमागं बाकावर चार जण आपला नंबर यायची वाट बघत बसले होते. पहिला चेंडू पाण्यात गेला, दुसराही गेला. तिसरा टीवर ठेवताना तिची बोटं थरथरत होती, चेंडू दोनदा टीवरून खाली पडला. कॅडी हळूच म्हणाला, "मॅडम, पलीकडं जाऊन तिथनं मारा, चालतंय." चौथ्या होलनंतर ती थांबली, आणि घरी जाताना गाडीत एक शब्दही बोलली नाही.

तिच्या खेळात काही खोट नव्हती. मैदान चुकीचं होतं, वेळही चुकीची होती, आणि दोन्ही मीच निवडलं होतं. म्हणूनच पहिलं मैदान निवडताना आड येणाऱ्या समजुतींबद्दल लिहिते आहे.

गैरसमज: मैदान जितकं छोटं, तितकं सोपं

फ्लोरिडातल्या टीपीसी सॉग्रासचा सतरावा होल जेमतेम 137 यार्डांचा आहे. पण त्याचं ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीची आखूड गवताची जागा, जवळजवळ चहूबाजूंनी पाण्यात आहे आणि जगातले निष्णात खेळाडूही तिथं चेंडू बुडवतात. नवशिक्याला लांबी फारशी नडत नाही. नडते ती अशी जागा, जी चेंडू हवेतूनच पार करावी लागते: टीसमोरचं तळं, मधला नाला, ग्रीनच्या तोंडाशी आडवा पसरलेला बंकर. सुरुवातीला निम्मे फटके चेंडूच्या डोक्यावर बसतात आणि चेंडू जमिनीवरून घरंगळत जातो. असा चेंडू सपाट गवतावर साठ यार्ड गेला, तर खेळ पुढे सरकतो. तोच चेंडू पाण्यात गेला, तर एक दंडाचा फटका वाढतो, चेंडू हरवतो आणि धीरही सुटतो.

त्यामुळे मैदान बघायला जाल तेव्हा प्रत्येक टीवर उभं राहून एकच गोष्ट बघा: इथून चेंडू नुसता घरंगळत गेला, तर ग्रीनपर्यंत वाट मिळेल का? ज्या मैदानावर बहुतेक होलांना ती मिळते, ते तुमचं. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्सवर, पहिल्या ग्रीनपुढचा स्विल्कन ओढा सोडला तर, बहुतेक ठिकाणी चेंडू जमिनीवरून ग्रीनवर नेता येतो. या खेळाची जुनी घडण तशीच आहे.

गैरसमज: दोन्ही मैदानांचा पार 72, म्हणजे दोन्ही सारखीच अवघड

पार म्हणजे मैदान पूर्ण करायला अपेक्षित असलेले फटके. तो बघून मैदान किती कठीण आहे ते कळत नाही. रेटिंग झालेल्या मैदानाला प्रत्येक टीसाठी आणखी दोन आकडे दिलेले असतात. कोर्स रेटिंग म्हणजे शून्य हँडिकॅपच्या, म्हणजे सवलतीची गरज नसलेल्या, खेळाडूला तिथं साधारण किती फटके लागतील, तो आकडा. दुसरा आकडा स्लोप. तो 55 ते 155 च्या दरम्यान असतो आणि 113 हा त्याचा प्रमाण आकडा. मुरलेल्या खेळाडूच्या तुलनेत सामान्य खेळाडूला ते मैदान किती जास्त छळेल, हे स्लोप सांगतो.

हिशेब करून बघा. तुमचा हँडिकॅप इंडेक्स 36 असेल, तर 113 स्लोपच्या मैदानावर तुम्हाला, कोर्स रेटिंगचा फरक बाजूला ठेवून, 36 फटक्यांची सवलत मिळते. तेच मैदान 140 स्लोपचं असेल तर ती सवलत 45 होते. म्हणजे तिथं तुम्हाला नऊएक फटके जास्त लागतील, हे नियम बनवणाऱ्यांनी आधीच धरून ठेवलं आहे. 2020 साली सुरू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत कमाल इंडेक्स 54 ठेवला आहे. नवशिक्यालाही हँडिकॅप मिळावा, हा त्यामागचा विचार. फोन करून "तुमच्या पुढच्या टीचा स्लोप किती?" असं विचारायला बिलकूल संकोचू नका.

गैरसमज: लाल टी बायकांची

नियमांच्या पुस्तकात टीच्या रंगाला स्त्री-पुरुष असा अर्थच नाही. कोणत्या टीवरून खेळायचं ते तुमचा चेंडू किती लांब जातो यावर ठरवावं. 2011 मध्ये पीजीए ऑफ अमेरिका आणि यूएसजीए या अमेरिकेतल्या गोल्फ संस्थांनी 'पुढच्या टीवरून खेळा' अशी मोहीम काढली, तेव्हा एक तक्ता दिला होता. ड्रायव्हरनं चेंडू 150 यार्ड जात असेल तर अठरा होलांची एकूण लांबी 3500 ते 3700 यार्ड असावी, असं त्यात म्हटलं आहे. आपल्याकडे पहिल्याच महिन्यात पुरुषमंडळी 6500 यार्डांच्या टीवर जाऊन उभी राहतात, कारण लाल, म्हणजे पुढच्या, टीवर जायची लाज वाटते. ही लाज खेळाचा आनंद हिरावून घेते. ज्या मैदानावर पुढच्या टी खरोखर पुढे आहेत, नुसत्या दहा पावलं सरकवलेल्या नाहीत, ते मैदान नवशिक्याचा विचार करणारं समजा.

गैरसमज: नऊ होल म्हणजे अर्धा गोल्फ

अठरा हा आकडा काही मुळापासून ठरलेला नाही. सेंट अँड्रूजला आधी एका फेरीत बावीस होल खेळत. 1764 मध्ये काही होल एकत्र केल्यावर ते अठरा झाले. 1860 ची पहिली ओपन स्पर्धा प्रेस्टविकच्या बारा होलांच्या मैदानावर तीन फेऱ्यांत खेळली गेली. सेंट अँड्रूजच्या सात मैदानांपैकी बॅलगोव्ह हे नऊ होलांचं मैदान खास मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठी राखलं आहे. अठरा होल चालायचे म्हणजे सहा-सात किलोमीटर तरी पडतात. दमल्यावर फटके बिघडतात आणि बिघडलेल्या फटक्यांचीच सवय लागते. सुरुवातीला नऊ होल पुष्कळ झाले.

सभासद असल्याशिवाय खेळताच येत नाही, हीसुद्धा अर्धवट माहिती. जुने क्लब सभासदांचे असतात हे खरं. पण दिल्लीत तिथल्या विकास प्राधिकरणाचं (डीडीए) कुतुब गोल्फ कोर्स आहे आणि नवी मुंबईत सिडकोनं खारघरच्या डोंगरांच्या कुशीत मैदान उभारलं आहे. ही मैदानं सार्वजनिक आहेत, फी भरून खेळता येतं. सामानाचंही तसंच. नियमात कमाल चौदा काठ्यांची मर्यादा आहे, किमान किती याची नाही. पाच-सहा काठ्या उसन्या घेतल्या तरी चालतं.

गैरसमज: शांत मैदान म्हणजे ओस पडलेलं मैदान

एकच मैदान रविवारी सकाळी सातला जत्रा असतं आणि बुधवारी दुपारी साडेतीनला निवांत. म्हणून मैदानाइकतीच वेळही निवडावी लागते. फोनवर दोन गोष्टी विचारा: त्या दिवशी क्लबची स्पर्धा आहे का, आणि दोन टी-टाइममध्ये किती मिनिटांचं अंतर ठेवता? जिथं हे अंतर तुटपुंजं असतं, तिथं दिवसभर कोणीतरी पाठीवर असतं. शेजारशेजारचे फेअरवे अगदी चिकटलेले असतील तर तेही नको. तिकडचे चेंडू इकडे येतात.

तरीही मागून कोणी आलंच, तर बाजूला होऊन हातानं खूण करायची आणि त्यांना पुढे जाऊ द्यायचं. हा अपमान नव्हे, रीत आहे. हरवलेला चेंडू शोधायला 2019 पासून तीनच मिनिटं मिळतात. सरावाच्या फेरीत पारच्या दुप्पट फटके झाले की चेंडू उचलून पुढच्या होलकडे निघावं. आणि शांततेचा अर्थ तोंड मिटून राहणं असा नाही. चेंडू कोणाच्या दिशेनं गेला तर क्षणाचाही विचार न करता, जमेल तितक्या मोठ्यानं "फोर!" असं ओरडायलाच हवं. त्यात कोणाचा तरी डोळा वाचतो.

आपल्याकडच्या पावसाळ्यात मैदानं रिकामी दिसतात, पण तेव्हा चेंडू घरंगळत नाही. तो चिखलात रुततो आणि नवशिक्याची हक्काची वाट बंद होते. जमिनीत रुतलेला चेंडू फेअरवेवर किंवा रफमध्ये दंडाशिवाय बाहेर काढता येतो, एवढं लक्षात ठेवा. सुरुवात मात्र ऑक्टोबरनंतर, जमीन वाळून घट्ट झाल्यावर केलेली बरी.

जानेवारीत मी मैत्रिणीला पुन्हा बाहेर काढलं. यावेळी नऊ होलांचं साधं मैदान, बुधवारची दुपार. आमच्या मागं कोणीच नव्हतं, फक्त एक माळी पाइप ओढत होता. तिसऱ्या होलवर तिचा फटका पुन्हा चेंडूच्या डोक्यावर बसला. चेंडू गवतावरून उड्या घेत गेला, बंकरच्या कडेनं वळला आणि ग्रीनच्या काठावर जाऊन थांबला. ती काठी तशीच हातात धरून बघत राहिली. मग म्हणाली, "तिथनं पटर चालेल ना?"