परिचर्येची पदवी आणि तिच्या पुढील वाट

चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता म्हणजे परिचारक, आणि रोगी. परिचारकाच्या अंगीं जे चार गुण हवेत, त्यांत उपचाराचें ज्ञान पहिलें आहे. दक्षता, रोग्याविषयीं अनुराग आणि शुचिता हे गुण त्यामागून येतात. आपण मात्र अनुरागास वर चढविलें व ज्ञानास खालीं बसविलें. सेवेंत शिकावयाचें तें काय, असा आपला समज.

हा समज माझाहि होता. पंचवीस वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एक बुद्धिमान् मुलगी 'नर्सिंगला जाऊं का?' म्हणून विचारावयास आली. 'तुझ्यासारखीनें त्या वाटेस कां जावें?' असें मीं म्हटलें. ती बँकेंत लागली, संसारांत रमली. गेल्या दिवाळींत ती आपल्या मुलीस घेऊन भेटीस आली आणि हंसत म्हणाली, "सर, आतां हिला तीच इच्छा झाली आहे. हिला तरी नको म्हणूं नका." तिच्या हंसण्यानें मीं फार ओशाळलों, आणि त्या दिवसापासून या विषयाची माहिती गोळा करावयास लागलों.

रमाबाई रानडे यांनीं १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन स्थापिलें आणि पुढें तेथील स्त्रियांस ससून रुग्णालयांत परिचर्येच्या शिक्षणासाठीं पाठविलें, तेव्हां लोकांनीं नांवें ठेवलीं. १९४६ सालीं दिल्ली व वेल्लोर येथें या विषयाचा पदवी-अभ्यासक्रम सुरू झाला. आज महाराष्ट्रांतील बहुतेक महाविद्यालयें नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशीं संलग्न आहेत. पदवीस चार वर्षें, म्हणजे आठ सत्रें लागतात. मुलेंहि या शिक्षणास येतात, हें पुष्कळ घरांस ठाऊकच नसतें.

खरें शिक्षण रोग्याच्या खाटेशीं होतें. म्हणून महाविद्यालय निवडतांना इमारत पाहूं नये; संलग्न रुग्णालय किती खाटांचें आहे, आणि खाटेपाशीं उभें राहून शिकवितें कोण, हें विचारावें. विद्यार्थिनीस निव्वळ फुकटचा हात म्हणून राबविणारीं ठिकाणें आहेत. तेथें चार वर्षें घालवून तिच्या हातीं पदवी येते, विद्या येत नाहीं.

पदवीनंतर वाट संपत नाहीं. दोन वर्षांची एम्. एस्‌सी. आहे. अतिदक्षता विभागासाठीं 'नर्स प्रॅक्टिशनर' हा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम आहे. त्यांत शिकणारी प्रत्यक्ष विभागांत काम करीतच शिकते. मानसिक रोगांच्या परिचर्येसाठीं बंगळूरची 'निम्हान्स' ही संस्था आहे. कर्करोग, नवजात अर्भकें, हृदयविकार यांच्या परिचर्येसाठीं एक वर्षाच्या विशेष पदविका आहेत. संशोधनाची आवड असेल तिला पीएच्. डी.चा मार्ग खुला आहे. परदेशी जावयाचें झाल्यास राष्ट्रकुल शिष्यवृत्ति ब्रिटनमधील पदव्युत्तर अभ्यासासाठीं मिळूं शकते. परंतु तिचा अर्ज आधींपासून तयारी करूनच करावा लागतो, आणि आमच्या मुलींस ही वार्ता बहुधा मुदत संपल्यावर कळते!

देशांतील वृत्त्यांचेंहि असेंच. राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज 'महाडीबीटी' या संकेतस्थळावर भरावे लागतात. 'ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया' ही संस्था १९०८ पासूनची. १९२९ सालीं विद्यार्थिनींची शाखा तिच्या पोटीं निघाली. या शाखेच्या परिषदा व स्पर्धा होतात, संस्थेकडून शिष्यवृत्त्याहि दिल्या जातात. वर्गांतील कोंडलेल्या मुलीस परगांवच्या मुली, दुसरीं रुग्णालयें व नव्या पद्धति पहावयास मिळतात, हा लाभ मला पैशाहून मोठा वाटतो. पालकांनीं अशा प्रवासास 'कशाला उगाच?' म्हणून अडवूं नये. रात्रपाळीस मुलगी जाते तें आपण निमूटपणें सोसतों. परिषदेस जाते म्हटलें कीं मात्र आपणांस काळजी सुटते, हा न्याय मला उमगत नाहीं.

माझ्या विद्यार्थिनीच्या मुलीनें प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरला आहे. जीवशास्त्र तिचें पक्कें आहे, इंग्रजी जरा कच्चें. दर रविवारीं सकाळीं ती वही घेऊन माझ्याकडे येते.