सेकंदाला दहा ठोके

जर्मनीत टायपिंगचा वेग मोजतात तो ठोक्यांत: मिनिटाला कळा किती दाबल्या? दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा एक ठोका. पाच ठोक्यांचा एक शब्द धरला, तर आपल्याकडची मिनिटाला 30 शब्दांची इंग्रजी टायपिंगची परीक्षा मिनिटाला 150 ठोक्यांची होते.

आता बर्लिनला चला. जुलै 2017 मध्ये तिथे इंटरस्टेनो या जागतिक संघटनेचे अधिवेशन भरले होते. तिच्या मुख्य टायपिंग स्पर्धेत सलग 30 मिनिटे मजकूर उतरवायचा असतो आणि प्रत्येक चुकीमागे 100 ठोके कापले जातात. अव्वल स्पर्धक मिनिटाला 600 ठोके सहज ओलांडतात. म्हणजे सेकंदाला दहा, अर्ध्या तासात 18,000!

हे जमते कसे? डोळ्यांना काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत साधारण 200 मिलिसेकंद जातात. इथे तर दोन ठोक्यांमध्ये जेमतेम 100. उत्तर थक्क करणारे आहे. निष्णात टायपिस्टची नजर हातांच्या काही अक्षरे पुढे धावत असते आणि एक बोट कळेवर पडत असतानाच पुढचे बोट आपल्या कळेकडे निघालेले असते.

मग रोज तासन्‌तास टाइप करूनही आपला वेग एका जागी का अडतो? बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत व्हायोलिनवादकांच्या रियाजाचा अभ्यास केलेले मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन यांनी नंतर टायपिंगचेही उदाहरण दिले. कामापुरता वेग आला, की हालचाल सवयीच्या हवाली होते आणि सुधारणा थांबते. त्यावर उपाय म्हणजे रोज 15-20 मिनिटे, मन ताजे असताना, नेहमीपेक्षा 10 ते 20 टक्के जास्त वेगाने टाइप करणे. कोणती अक्षरजोडी बोटांना अडवते ते तेव्हाच उघडे पडते. मग तिचाच सराव करायचा.

आणि सराव विभागून करावा. ब्रिटिश टपाल कर्मचाऱ्यांवरच्या 1978 च्या अभ्यासात रोज एकच तास शिकणाऱ्यांना कळफलक आत्मसात करायला रोज चार तास बसणाऱ्यांपेक्षा एकूण कमी तास लागले.

तेव्हा परीक्षेला बसणाऱ्या मित्रांनो, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घाम गाळण्यापेक्षा आजच घड्याळ लावा. आधी एक मिनिट वेगासाठी, मग पाच, मग दहा मिनिटे दमासाठी. आणि चुका मोजल्याशिवाय उठू नका.