दंश, खाज आणि नखे

पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली की आपल्याकडे घराबाहेर पडण्याचा हंगाम सुरू होतो. कोणी हुरडा खायला शेतावर जाते, कोणी किल्ल्यावर मुक्काम ठोकते, इंदूरची मंडळी पचमढीला निघतात, तर दिल्लीकरांचे पाय हिमालयाच्या पायथ्याकडे वळतात. परतताना प्रत्येकाच्या संग्रही थोडीफार छायाचित्रे असतात आणि हातापायांवर दहापाच लाल फुगवटे. छायाचित्रे दाखवून संपण्याच्या आतच हे फुगवटे खाजू लागतात, आणि मग घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, "खाजवू नकोस." हा उपदेश आपण सर्वांनी ऐकलेला आहे, पाळला मात्र फारच थोड्यांनी असेल. तो का करावा लागतो आणि त्याच्या पलीकडे काय करावे, याचा आज थोडा विचार करू.

डास चावला की त्याचे विष अंगात भिनते व त्यामुळे खाज सुटते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मधमाशी, गांधीलमाशी किंवा विंचू यांच्या बाबतीत विषाची गोष्ट खरी आहे. पण डासाजवळ तसे विष नसते. चावते ती फक्त मादी, आणि तिला हवे असते ते अंड्यांच्या पोषणासाठी रक्त. आपली बारीक सोंड ती कातडीत खुपसते आणि रक्त गोठू नये म्हणून थोडी लाळ आत सोडते. त्या लाळेतील प्रथिने आपल्या शरीराला परकी वाटतात. घरात अनोळखी माणूस शिरताच पहारेकऱ्याने आरडाओरडा करावा, तशा कातडीखालील मास्ट नावाच्या पेशी हिस्टामीन हे द्रव्य बाहेर टाकतात. त्याच्यामुळे तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पाणी झिरपून फुगवटा येतो आणि जवळचे मज्जातंतू मेंदूला खाजेची वर्दी देतात. म्हणजे खाज डास देत नाही. ती आपणच निर्माण करतो. डास केव्हाच उडून गेलेला असतो, पहारेकऱ्याचा आरडाओरडा तेवढा चालू राहतो.

हा आरडाओरडा सर्वांच्या बाबतीत सारखा नसतो, आणि त्यामागचे कारण मोठे मनोरंजक आहे. केनेथ मेलनबी या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाने १९४६ साली याविषयीची आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. एखाद्या जातीच्या डासाचा दंश आयुष्यात प्रथमच होतो तेव्हा अंगावर काहीच उमटत नाही. काही दंशांनंतर दुसऱ्या दिवशी गाठ येऊ लागते. पुढे दंश झाल्याबरोबर फुगवटा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठ, अशी दोन्ही लक्षणे दिसतात. दंश होतच राहिले तर गाठ येणे थांबते, केवळ तात्कालिक फुगवटा उरतो, आणि शेवटी तोही नाहीसा होतो. लहान मुलांच्या अंगावर मोठमोठ्या गाठी का उठतात आणि आजोबांच्या हातावर साधा डागही का दिसत नाही, हे यावरून कळेल.

माझ्या नोकरीत फिरती पुष्कळ असल्यामुळे या सिद्धान्ताचे प्रात्यक्षिक मला वरचेवर पाहावयास मिळते. वनखात्याच्या विश्रामगृहासमोर संध्याकाळी तेथला वनरक्षक निवांत बसलेला असतो, आणि शहरातून आलेला अधिकारी अर्ध्या तासात पायमोजे खाली सारून पोटऱ्या चोळू लागतो. अधिकाऱ्याचे रक्त गोड आणि वनरक्षकाचे कडू, असा याचा अर्थ नव्हे. कोणाला डास अधिक चावतात हे श्वासातील कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि कातडीवरील घामाचा वास यांवर ठरते. त्याचा गोडीशी संबंध नाही. दंश दोघांनाही होतात. वनरक्षकाच्या पेशींनी ओरडणे सोडून दिले आहे, इतकेच. मलेरियाचे जंतू मात्र त्यालाही तितक्याच सहजतेने मिळू शकतात. खाज किती आहे यावरून धोका किती आहे हे मोजता येत नाही, ही गोष्ट श्रोत्यांनी लक्षात ठेवावी. तिच्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

आता खाजवण्याविषयी. खाजवल्याने बरे वाटते हे नाकारण्यात अर्थ नाही. नखांनी होणारी बारीकशी वेदना खाजेची वर्दी क्षणभर दडपून टाकते. पण त्याच घर्षणाने मास्ट पेशी पुन्हा चेतवल्या जातात, सूज वाढते आणि दोन मिनिटांनी खाज दुप्पट जोराने परत येते. शिवाय नखांखाली आणि कातडीवर नेहमी वास करणारे जंतू फुटलेल्या त्वचेतून आत शिरतात. दोन दिवसांत बरी होणारी गाठ मग आठवडाभर पिकते. मधुमेही माणसाच्या पायावर अशी जखम झाली तर ती क्षुल्लक राहत नाही.

उपाय साधे आहेत आणि त्यांचा क्रमही साधा आहे. जागा साबणाने व स्वच्छ पाण्याने धुवावी. नंतर थंड पाण्याची घडी किंवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरावा. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि मज्जातंतू मंदावतात. त्यावर कॅलामाइनचे गुलाबी द्रावण लावावे. कॅलामाइन म्हणजे बव्हंशी झिंक ऑक्साइड. गुलाबी रंग त्यातील लोहाच्या ऑक्साइडचा. गाठी पुष्कळ असतील आणि झोप लागत नसेल तर हिस्टामीनला अडवणारी गोळी घेता येते. या वर्गातील औषधांचा पाया घालणाऱ्या डॅनिएल बोव्हे यांना १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या गोळ्यांनी गुंगी येते, सेटिरिझिनसारख्या नव्या गोळ्यांनी ती कमी येते. तरी गोळी घेऊन रात्री गाडी चालवू नये आणि लहान मुलांना ती डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून देऊ नये.

मलमांच्या बाबतीत मला थोडे कडक बोलावेसे वाटते. एक टक्का हायड्रोकॉर्टिझोनचे सौम्य मलम दोनतीन दिवस लावण्यास हरकत नाही. परंतु औषधाच्या दुकानात "खाजेवर काहीतरी द्या" असे म्हटले की पुष्कळदा तीनचार औषधांची खिचडी असलेली नळी हातात पडते. तिच्यात एक जोरकस स्टिरॉइड असते. तासाभरात खाज थांबते, गिऱ्हाईक खूश होते, आणि ती नळी पुढे घरातील प्रत्येक डागावर फिरते. गेल्या काही वर्षांत देशभर नायट्याने जो हट्ट धरला आहे, त्याच्या मुळाशी अशा मलमांचा स्वैर वापर आहे, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. डासाच्या गाठीसाठी एवढी किंमत मोजण्याचे कारण नाही. चुना, रॉकेल आणि दात घासण्याची पेस्ट यांनाही रजा द्यावी. मधमाशीचे विष आम्लधर्मी, म्हणून त्यावर चुना, हा युक्तिवाद ऐकायला शास्त्रीय वाटतो. पण विष कातडीच्या आत गेलेले असते, चुना वरची कातडी तेवढी भाजतो. मधमाशीची नांगी कातडीत रुतून विष सोडत राहते, म्हणून ती नखाने असो की चिमट्याने, ताबडतोब काढावी. दंशानंतर ओठ किंवा जीभ सुजली, घसा दाटला, श्वास लागला किंवा भोवळ आली तर मात्र घरगुती उपचारात एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठावे. तेथे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन प्राण वाचवते.

पावसाळ्याच्या सुमारास दिव्याभोवती येणारा नारिंगी-काळ्या रंगाचा एक चिमुकला, लांबट किडा आपणास ठाऊक असेल. तो चावत नाही. मानेवर बसला असता आपण त्याला चिरडतो आणि त्याच्या अंगातील दाहक रस कातडीवर पसरून दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा पट्टा उठतो. त्याला फुंकर मारून उडवावे. चिरडलाच गेला तर जागा लगेच साबणाने धुवावी.

येथवर खाजणाऱ्या दंशांविषयी झाले. पण ज्यांनी माणसे दगावली आहेत असे काही दंश मुळी खाजतच नाहीत किंवा फार थोडे खाजतात. गोचीड हे त्याचे उत्तम उदाहरण. डासाला काही क्षणांत पोट भरून उडावयाचे असते, गोचिडाला दिवसचे दिवस एकाच जागी चिकटून राहावयाचे असते. यजमानाला तिचा पत्ता लागला तर सारेच संपले. म्हणून तिच्या लाळेत हिस्टामीनला बांधून ठेवणारी प्रथिने असतात; पहारेकऱ्याचे तोंडच ती दाबून धरते. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांतील माणसे तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्या विषाणूचा शोध लावला. तो गोचिडांमार्फत पसरत होता. लोक त्याला माकडताप म्हणतात. २०१५ साली तो गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यात आढळला. काजूच्या बागेत किंवा रानात पालापाचोळा गोळा करणारा माणूस त्याला बळी पडतो, आणि त्या विषाणूला मारणारे खास औषध अद्याप नाही.

दुसरा आजार स्क्रब टायफस. हिमाचलपासून तमिळनाडूपर्यंत तो आढळतो आणि २०१८ साली विदर्भानेही त्याचा तडाखा अनुभवला. झुडपांत व उंच गवतात राहणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या माइट नावाच्या जीवाची पिल्ले चावल्याने तो होतो. दंश जाणवत नाही. काखेत, जांघेत किंवा कमरपट्ट्याखाली विडीचा चटका बसावा तशी काळी खपली दिसते, ती दुखत नाही, खाजत नाही, आणि म्हणूनच रुग्ण ती डॉक्टरांना दाखवत नाही. साधारण दहा दिवसांनी मोठा ताप व डोकेदुखी सुरू होते. डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध वेळेवर मिळाले तर ताप एकदोन दिवसांत उतरू लागतो. न मिळाले तर फुप्फुसे आणि मूत्रपिंडे निकामी होऊन माणूस जातो. आयुष्य आणि मरण यांमधले अंतर येथे एका न दाखवलेल्या खपलीएवढे असते.

तेव्हा प्रतिबंधाचा विचार करताना खाज टाळण्याइतकेच लक्ष या मुक्या दंशांकडेही द्यावयास हवे. रानात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब विजार घालावी व विजारीचे टोक पायमोज्यात खोवावे. असा वेष करून उभा राहिलेला गृहस्थ जरा विनोदी दिसतो खरा. फिकट रंगाच्या कपड्यांवर चढणारी गोचीड पटकन दिसते. गवतावर नुसते अंग टाकू नये, सतरंजी अंथरावी. उघड्या कातडीवर कीटकांना दूर ठेवणारे मलम लावावे. अशा द्रव्यांत सर्वांत कसाला उतरलेले द्रव्य म्हणजे डीट. अमेरिकन सैन्याने ते १९४६ साली वापरात आणले आणि १९५७ पासून ते सर्वसामान्यांना मिळू लागले. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने डेपा या द्रव्यावर काम केले आणि कर्नाटकातील मलनाडात माकडतापाच्या भागात रानात जाणाऱ्यांना त्याचे तेल वाटण्यात आले. गवती चहाच्या जातीच्या सिट्रोनेला तेलाचा वास आपल्याला सुखावतो, पण त्याचा प्रभाव तासाभरात ओसरतो. उन्हासाठीचे मलम लावावयाचे असेल तर ते आधी आणि हे नंतर. लहान मुलांच्या तळहातांना ते लावू नये, कारण ते हात थोड्याच वेळात तोंडात जातात. लसूण खाणे किंवा माणसाला ऐकू न येणारा ध्वनी काढणारी यंत्रे विकत घेणे, यांचा डासांवर काही परिणाम दिसून आलेला नाही.

मुक्कामाच्या जागी मच्छरदाणीसारखा सोबती नाही. कडा गादीखाली खोचलेल्या हव्यात, एवढेच. वीज असेल तर पंखा लावावा. डास हा दुबळा उडणारा प्राणी आहे, वाऱ्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही, आणि आपल्या श्वासाचा मागही वाऱ्याने विस्कटून जातो. मात्र डेंग्यू पसरवणारा डास दिवसाढवळ्या, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी चावतो, तेव्हा सारी खबरदारी रात्रीसाठी राखून ठेवणे बरोबर नाही.

घरी परतल्यावर रानातले कपडे खाटेवर न टाकता थेट गरम पाण्यात भिजत घालावेत, साबणाने अंघोळ करावी आणि अंग नीट न्याहाळावे. गुडघ्यांची मागली बाजू, जांघा, काखा, बेंबी, कानांमागे आणि केसांत. मुलांचे अंग मोठ्यांनी पाहावे. गोचीड चिकटलेली दिसली तर तिला काडीने चटका देऊ नये, तेल किंवा रॉकेल ओतू नये. बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढावे आणि जागा धुवावी. पुढल्या तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपण कोठे आणि केव्हा गेलो होतो हे आपणहून सांगावे आणि अंगावर कोठे काळी खपली असेल तर ती दाखवावी. सहलीला कुत्रा बरोबर नेला असेल तर त्याचे कान आणि बोटांमधल्या बेचक्याही त्याच दिवशी तपासाव्यात.