बारावीनंतरच्या शिष्यवृत्त्या (सिंधुदुर्ग जिल्हा)

बारावीनंतरच्या शिष्यवृत्त्या म्हणजे उच्च माध्यमिक परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला पदवी वा पदविका शिक्षणासाठी शासन, विद्यापीठ किंवा न्यास यांच्याकडून मिळणारे, परत न करावे लागणारे अर्थसाहाय्य. महाराष्ट्रातील बहुतेक शासकीय योजना साऱ्या राज्याला समान आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विद्यार्थ्यापुढील प्रश्न मात्र काहीसा निराळा असतो. मालवण, वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी, कणकवली येथे वरिष्ठ महाविद्यालये आणि मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे. तरीही अनेक अभ्यासक्रमांसाठी रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. त्यामुळे शुल्काइतकाच, पुष्कळदा त्याहून अधिक, खर्च राहण्या-जेवण्याचा येतो. शिष्यवृत्ती शोधताना ती नेमका कोणता खर्च भागवते हे म्हणूनच प्रथम पाहावे लागते.

== पार्श्वभूमी ==

या किनाऱ्यावरील मुलांचे शिक्षणासाठी गाव सोडणे जुने आहे. प्राच्यविद्यापंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म १८३७ साली मालवण येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण रत्नागिरीस व पुढील शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले आणि ते दक्षिणा फेलो होते. दक्षिणा निधीचे मूळ विद्वान ब्राह्मणांना श्रावणात दिल्या जाणाऱ्या पेशवेकालीन दक्षिणेत होते. इंग्रजी अमलात तिचा काही भाग पुण्यातील संस्कृत पाठशाळा, मराठी ग्रंथरचना आणि पुढे फेलोशिप यांकडे वळवण्यात आला.

जातीच्या चौकटीबाहेर मदत नेण्याचे काम संस्थानिकांनी केले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्यास चालना दिली. खेड्यातील मूल शहरात राहील कोठे, हा प्रश्न त्यांनी आधी सोडवला. आज त्यांच्या नावाने ओळखली जाणारी राज्याची योजना मात्र शिक्षण शुल्काची आहे. अनुसूचित जातींसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे.

== शुल्काच्या योजना ==

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ही आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटातील, अन्य आरक्षित प्रवर्गात न मोडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असावे लागते आणि तिचा लाभ एका कुटुंबातील दोन अपत्यांपुरता असतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांत प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असणे आवश्यक आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास हा हक्क जातो आणि ते पुष्कळ पालकांना प्रवेश झाल्यावर कळते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णतः माफ झाले.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत शुल्काबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो. उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. मर्यादेबाहेरील विद्यार्थ्यांसाठी शुल्क प्रतिपूर्तीची स्वतंत्र योजना आहे.

येथे ऋतूचाही विचार करावा लागतो. बारावीचा निकाल साधारणतः मे महिन्यात लागतो आणि त्यानंतरच्या महिन्यांत प्रवेश होतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि आंब्याचा हंगामही तोवर संपलेला असतो. हाती रोकड कमी असण्याच्या काळातच महाविद्यालय शुल्क मागते. प्रवेशाच्या वेळी पात्र विद्यार्थ्याने योजनेचा उल्लेख करून शासनाने भरावयाचा हिस्सा वगळूनच शुल्क घेण्याची विनंती लेखी करावी. नंतर मिळणाऱ्या परताव्यावर विसंबून सावकाराकडून रक्कम उचलणे महाग पडते.

== निवास व निर्वाहाच्या योजना ==

डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना नोंदणीकृत मजूर व अल्पभूधारक शेतकरी यांच्या पाल्यांना उपयोगी पडते. कोकणातील धारणक्षेत्र लहान असल्याने अल्पभूधारक असल्याचा दाखला येथील अनेक कुटुंबांना मिळू शकतो. तरीही तो काढून ठेवण्याचे फार थोड्यांना सुचते.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या, घरापासून दूर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तीत भोजन, निवास व निर्वाहासाठी वर्षाला रक्कम मिळते. मूळ दरांनुसार मुंबई वा पुण्यास शिकणाऱ्याला ६०,००० रुपये, इतर काही महानगरपालिका क्षेत्रांत ५१,००० आणि रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये असा भेद आहे. आधी वसतिगृहासाठी अर्ज करावा लागतो. तो न करणारा विद्यार्थी येथे अडतो. अनुसूचित जमातींसाठी याच धर्तीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आहे.

== गुणवत्तेवर आधारित योजना ==

केंद्र शासनाच्या महाविद्यालय व विद्यापीठ विद्यार्थी शिष्यवृत्तीत दरवर्षी देशभरात ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या असतात व त्यांतील निम्म्या मुलींसाठी असतात. पात्रतेसाठी बारावीला आपल्या मंडळात, आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असावे लागते आणि कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असावे लागते. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. दुसरी शिष्यवृत्ती घेणाऱ्यास ही मिळत नाही. कोकण विभागीय मंडळ उत्तीर्णांच्या टक्केवारीत सातत्याने राज्यात अग्रेसर राहिले असले, तरी पर्सेंटाइलची तुलना राज्य मंडळाच्या त्या शाखेतील सर्व उत्तीर्णांशी होते. विभागाचा निकाल उत्तम लागला म्हणून स्वतःची पात्रता गृहीत धरता येत नाही.

तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती आहे (वर्षाला ५०,००० रुपये, उत्पन्नमर्यादा ८ लाख, एका कुटुंबातील दोन मुली). तिच्यासाठी पदविकेच्या विद्यार्थिनीही अर्ज करू शकतात.

== कागदपत्रे ==

अर्ज प्रत्यक्षात अडतो तो बहुधा येथेच. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात आणि अर्ज सेतू वा आपले सरकार सेवा केंद्रातून करता येतो. नोकरदाराकडे वेतनपत्र असते. रापणीवर जाणाऱ्या, बागायत करणाऱ्या किंवा पर्यटकांना खोल्या देणाऱ्या कुटुंबाचे उत्पन्न तलाठ्याच्या अहवालावरून ठरते. सातबाऱ्यावर अनेक सहहिस्सेदारांची नावे असतील, तर आपल्या वाट्याचे क्षेत्र वेगळे दाखवणारा पुरावा बरोबर ठेवावा. वडील मुंबईत नोकरीला व मूल आजी-आजोबांकडे गावी असे असले, तरी उत्पन्न आईवडिलांचेच धरले जाते.

जातीच्या दाखल्यासाठी व पडताळणीसाठी जुना पुरावा लागतो. संबंधित दिनांक प्रवर्गानुसार बदलतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, तर इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे वास्तव्य दाखवावे लागते. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर किंवा जन्मनोंदीवर जिल्हा रत्नागिरी असणे म्हणूनच स्वाभाविक आहे. सावंतवाडी परिसरातील त्याहून जुन्या नोंदींत संस्थानाचाही उल्लेख आढळतो. ही विसंगती नव्हे, पण दुसऱ्या जिल्ह्यातील अधिकाऱ्यापुढे ती समजावून सांगावी लागते. पडताळणीस वेळ लागत असल्याने तिचा अर्ज अकरावीतच करणे हिताचे. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची मुदत प्रवेशाच्या वर्षात संपत नाही ना, हेही पाहावे.

नावातील फरक हे आणखी एक नेहमीचे कारण. मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, तर आधार पत्रावर सहसा स्वतःचे नाव आधी असते. क्रमाने फारसे बिघडत नाही. वडिलांचे नाव गाळलेले असणे किंवा स्पेलिंग वेगळे असणे यामुळे मात्र अर्ज परत येतो.

== अर्ज आणि पाठपुरावा ==

राज्याच्या बहुतेक योजनांसाठी महाडीबीटी संकेतस्थळावर आणि केंद्राच्या अनेक योजनांसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज होतो. दोन्हीकडे अर्ज भरला म्हणजे काम संपले असे नसते. तो आधी महाविद्यालयाने आणि मग संबंधित विभागाने तपासायचा असतो. त्रुटी आढळल्यास तो विद्यार्थ्याच्याच खात्यात परत येतो आणि मुदतीत दुरुस्त न केल्यास बाद होतो. म्हणून स्वतःचा मोबाइल क्रमांक देणे व परवलीचा शब्द स्वतःकडे ठेवणे आवश्यक आहे. सायबर कॅफेचालकाचा क्रमांक दिलेला विद्यार्थी पुढे सूचनांना मुकतो.

रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येते. अनेक खाती असल्यास ती शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे. वर्षांपूर्वी शाळेत उघडलेले व आता बंद पडलेले खाते जोडलेले असेल, तर मंजूर रक्कमही परत जाते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतील केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातील शुल्काची रक्कम त्याने महाविद्यालयात भरायची असते. पुढील वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा करावा लागतो. वर उल्लेखलेल्या केंद्रीय गुणवत्ता योजनेत त्यासाठी ५० टक्के गुण व ७५ टक्के उपस्थिती लागते.

== गोव्यात शिकणारे विद्यार्थी ==

दोडामार्ग व सावंतवाडी तालुक्यांतील काही विद्यार्थ्यांना म्हापसा, पणजी ही ठिकाणे मुंबईपेक्षा कितीतरी जवळची. परंतु राजर्षी शाहू योजना महाराष्ट्रातील संस्थांपुरती आहे आणि गोव्याच्या योजना तेथील रहिवाशांसाठी आहेत. सीमेपलीकडे प्रवेश घेणाऱ्याला मुख्यतः केंद्राच्या योजना उरतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती राज्याबाहेरही मिळू शकते. घराजवळचे महाविद्यालय निवडताना हा हिशेब प्रवेशापूर्वीच मांडावा.

== ज्ञातिसंस्था व ग्राममंडळे ==

मुंबईतील चाकरमान्यांनी स्थापन केलेली ग्राममंडळे व ज्ञातिसंस्था गुणवंतांना किंवा गरजूंना मदत देतात. रकमा लहान असतात. पण त्या लवकर हाती येतात व पहिल्या महिन्याच्या खानावळीला किंवा पुस्तकांना पुरतात. त्यांची माहिती संकेतस्थळांवर क्वचितच आढळते. गावच्या मंडळाच्या मुंबईतील पदाधिकाऱ्यांना पत्र व गुणपत्रिकेची प्रत पाठवणे हाच तेथील अर्ज. कोणतीही प्रामाणिक संस्था शिष्यवृत्ती देण्यापूर्वी ‘प्रक्रिया शुल्क’ मागत नाही, आणि ओटीपी तर कोणालाच सांगायचा नसतो.